परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण ठरतं कसं? सातारा-सांगलीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात घरटी फौजी, सांगलीत बेदाणा आणि हळद, दोन्हीकडे परदेशात शिकायला गेलेली मुलं. त्यामुळे दिल्लीत ठरणाऱ्या या धोरणाचा हिशेब इथे थेट घरात येतो. तरीही प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या दारात विचारला जातो. कोणता निर्णय कुणाच्या हातात असतो आणि तो कुठे अडवता किंवा वळवता येतो, एवढ्यापुरतीच ही उत्तरं आहेत.

परराष्ट्र धोरण नेमकं कोण ठरवतं? पंतप्रधान एकटे?

कागदावर नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली केंद्रसूची पाहा. संरक्षण पहिल्या क्रमांकावर, परराष्ट्र व्यवहार दहाव्या, करार-तह चौदाव्या आणि युद्ध व शांतता पंधराव्या क्रमांकावर आहे. म्हणजे विषय पूर्णपणे केंद्राचा. सैन्यदलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे असतं (अनुच्छेद ५३), पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात (अनुच्छेद ७४), आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं (अनुच्छेद ७५).

प्रत्यक्षात मोठे निर्णय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीत होतात. तिच्यात पंतप्रधान आणि संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र या चार खात्यांचे मंत्री असतात. पहलगाम हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवण्याचा निर्णय याच समितीचा. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९९८ मध्ये स्थापन झाली. तिचं सचिवालय आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे समितीपुढे पर्याय मांडतात. १ जानेवारी २०२० रोजी पहिले संरक्षण दल प्रमुख रुजू झाले आणि तिन्ही दलांचा एकत्रित लष्करी सल्ला देणारं पद आलं.

आता पंतप्रधानांचं वजन. भारतात ते नेहमीच जास्त राहिलं आहे. नेहरूंनी तर सतरा वर्षं परराष्ट्र खातं स्वतःकडेच ठेवलं होतं. घटना बदलली नाही तरी कोण खुर्चीत आहे त्यावर समितीतली चर्चा खरी की नावापुरती, हे बदलतं.

अणुबॉम्बचा निर्णय?

जानेवारी २००३ मध्ये जाहीर झालेल्या अण्वस्त्र कमांड प्राधिकरणाचा. त्यात दोन परिषदा आहेत. वापराची परवानगी फक्त राजकीय परिषद देऊ शकते आणि तिचे अध्यक्ष पंतप्रधान. कार्यकारी परिषद राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखाली माहिती पुरवते आणि आदेशाची अंमलबजावणी करते. गणवेशातला एकही माणूस स्वतःच्या अधिकारात हा निर्णय घेऊ शकत नाही.

युद्ध सुरू करायला संसदेची परवानगी लागते का?

नाही. घटनेत तशी अटच नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली ती २९ जुलैच्या करारानुसार, संसदेत आधी मतदान होऊन नव्हे. १९९० पर्यंत अकराशेहून जास्त जवान तिथे कामी आले.

संसदेची परवानगी लागते ती राष्ट्रीय आणीबाणीला. १९७५ च्या अनुभवानंतर ४४ व्या घटनादुरुस्तीने हे दार मुद्दाम जड केलं. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला हवा. एका महिन्यात दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी, तीही एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोनतृतीयांश, अशी दुहेरी. पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा. लोकसभेच्या एकदशांश सदस्यांनी लेखी मागणी केली, तर आणीबाणी रद्द करण्यावर चौदा दिवसांत खास बैठक घ्यावी लागते.

युद्धाच्या बाबतीत मात्र संसदेचा हात उशिराच पोचतो. ऑपरेशन सिंदूर ७ मे २०२५ ला झालं, संसदेतली चर्चा जुलैच्या अखेरीस. मधल्या काळात सर्वपक्षीय बैठका झाल्या, सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं परदेशांत गेली. पण सर्वपक्षीय बैठक म्हणजे संसद नव्हे. तिथलं काही नोंदीवर येत नाही आणि मंत्र्यावर उत्तराचं बंधन नसतं.

उलटं उदाहरणही आहे. इराक युद्धात एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने अमेरिकेच्या हल्ल्याची निंदा करणारा ठराव एकमताने केला. पुढे अमेरिकेने सैन्य मागितलं तेव्हा वाजपेयी सरकारच्या सुरक्षा समितीने जुलैमध्ये नकार दिला. ठराव कायद्याने बंधनकारक नव्हता, पण त्यानंतर फौज पाठवणं राजकीयदृष्ट्या अवघड होऊन बसलं होतं.

यशवंतराव चव्हाण खासदार नसताना संरक्षणमंत्री कसे झाले?

अनुच्छेद ७५ (५) मुळे. संसद सदस्य नसलेली व्यक्ती सहा महिने मंत्री राहू शकते, त्याच्या आत निवडून यावं लागतं. देवराष्ट्रे हे त्यांचं जन्मगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि मुख्यमंत्री असलेले यशवंतराव दिल्लीला गेले. नंतर ते नाशिकच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्यापुढचं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही.

ते काम असं. तिन्ही दलप्रमुख आणि सचिवांची रोज सकाळी बैठक सुरू झाली. १९६४ ते ६९ ची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना आली. तिच्यात सव्वाआठ लाखांचं भूदल, दहा डोंगरी डिव्हिजन आणि ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल असं मोजून-मापून लिहिलेलं होतं. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल त्यांनी जाहीर केला नाही, पण २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यातल्या निष्कर्षांचं निवेदन लोकसभेत केलं. मूळ अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. आमच्या मते आज तो झाकून ठेवण्यात सुरक्षेपेक्षा सवयीचा भाग जास्त आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही मजकूर वगळून छापला गेला आणि त्यातून संरक्षण गुप्तचर संस्था, एनटीआरओ (तांत्रिक गुप्तचर संस्था) अशा नव्या यंत्रणा उभ्या राहिल्या. उघड्यावर आलेल्या चुकीची दुरुस्ती लवकर होते.

परदेशाशी करार करायचा तर संसदेत मंजुरी घ्यावी लागते ना?

अमेरिकेत सिनेटचं दोनतृतीयांश बहुमत लागतं, भारतात करार करायला काहीच लागत नाही. अनुच्छेद ७३ खाली सरकार सही करू शकतं. ब्रिटनशी व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सही झाली तीही अशीच. संसद पुढच्या टप्प्यात येते, आणि किती येते ते करारात काय आहे त्यावर ठरतं.

देशातला कायदा बदलायचा असेल तर अनुच्छेद २५३ खाली कायदा करावा लागतो. राज्याच्या अखत्यारीतला विषय असला तरी संसद तो करू शकते. भूभाग द्यायचा असेल तर थेट घटनादुरुस्ती. बंगालमधला बेरूबारीचा भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं बजावलं. त्यामुळेच बांगलादेशाशी १९७४ मध्ये झालेला सीमा करार २०१५ ची शंभरावी घटनादुरुस्ती होईपर्यंत पूर्ण अमलात आला नाही. मग भारताची १११ आणि बांगलादेशाची ५१ बेटवजा, म्हणजे दुसऱ्या देशाच्या हद्दीत अडकलेली गावं अदलाबदल झाली. कच्छच्या रणाचं उलट झालं. १९६८ च्या लवादाने सुमारे दहा टक्के वादग्रस्त भाग पाकिस्तानकडे दिला, पण तो सीमा कुठे आहे हे ठरवणारा निवाडा होता. भूभाग तोडून देणं नव्हे, म्हणून घटनादुरुस्तीची गरज नाही, असं १९६९ मध्ये न्यायालय म्हणालं.

फक्त आयात शुल्क कमी करायचं असेल तर? सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ खाली एक अधिसूचना पुरते. ती सभागृहासमोर ठेवली जाते, पण तोवर माल बंदरात उतरलेलाही असतो. शेतकऱ्याला सगळ्यात जास्त लागणारा निर्णय हाच आणि त्यावर संसदेचं लक्ष सगळ्यात कमी.

करारावरून सरकार पडू शकतं का, असंही विचारतात. जवळपास पडलं होतं. अमेरिकेशी अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला आणि २२ जुलै २००८ रोजी मनमोहन सिंग सरकारने २७५ विरुद्ध २५६ अशी विश्वासदर्शक ठरावाची कसोटी पार केली.

अफगाणिस्तानचा बेदाणा विनाशुल्क येतो आणि आमचा भाव पडतो. हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आहे की शेतीचा?

दोन्हीचा, आणि म्हणूनच तो कुणाच्याच टेबलावर नीट राहत नाही. २०११ मध्ये भारताने साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात सार्कमधल्या (दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेतल्या) अल्पविकसित देशांसाठीची संवेदनशील यादी, म्हणजे शुल्कसवलत न मिळणाऱ्या वस्तूंची यादी, ४८० वस्तूंवरून २५ वर आणली. उरलेल्या २५ मध्ये मुख्यतः दारू आणि तंबाखू. बेदाणा बाहेर राहिला. हा निर्णय दिल्लीने शेजाऱ्यांशी संबंधांसाठी घेतला. चारी बाजूंनी जमीन असलेल्या अफगाणिस्तानला पाकिस्तानखेरीज बाजार मिळावा हा त्यामागचा हिशेब, आणि तो चुकीचा नव्हता. पण त्याची किंमत तासगाव आणि सांगलीच्या सौद्यात निघते, ती मोजायला त्या खोलीत कुणी नव्हतं.

आता ‘साफ्टा रद्द करा’ या मागणीला काहीच उत्तर येणार नाही. तीन दारं मात्र खरी आहेत.

पहिलं, मूळ देशाचा नियम. दुसऱ्याच देशाचा माल अफगाणी म्हणून येतो ही इथली जुनी तक्रार. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे सवलतीत माल आणणाऱ्या आयातदाराकडे मालाच्या उगमाची माहिती असणं बंधनकारक आहे. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. शंका आली तर सीमाशुल्क अधिकारी पडताळणी मागवू शकतो. ही तक्रार अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे करायची, कृषीकडे नाही.

दुसरं, दर्जा. कीटकनाशकाचा अंश, सल्फरचं प्रमाण, लेबल हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं काम.

तिसरं, अँटी-डम्पिंग, म्हणजे अवाजवी स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालावर जादा शुल्क. अर्ज व्यापार उपाय महासंचालनालयाकडे. इथेच बहुतेक प्रयत्न आपटतात. अर्जाला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावं लागतं, आणि मत नोंदवणाऱ्यांमध्ये पाठिंबा विरोधापेक्षा जास्त. दोन-चार कारखान्यांच्या उद्योगाला हे सोपं. हजारो बागायतदारांच्या शेडमधला बेदाणा असेल तर प्रत्येकाचा उत्पादनखर्च आणि विक्रीची बिलं जमवावी लागतात. बिलं नसतील तर नुकसान सिद्धच होत नाही. संघटनेने आधी हिशेबवही उभी करावी, मोर्चा नंतर.

समुद्रात गोळीबार झाला तर आमच्या द्राक्षांचा काय संबंध?

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. वेळ वाढला, भाडं वाढलं, आणि द्राक्षाचा हंगाम नेमका जानेवारी ते एप्रिल. नौदलाने अरबी समुद्रात युद्धनौका वाढवल्या. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ जहाजावरून १७ खलाशांची सुटका करून ३५ चाचे पकडले ते याच काळात. त्यांच्यावर मुंबईत खटला चालवता आला, कारण २०२२ मध्ये संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केलेला होता. त्याआधी पकडलेल्या चाच्यांचं करायचं काय, हाच कायदेशीर पेच असायचा.

संरक्षणावर एवढा पैसा मंजूर होतो, त्यावर लोकसभेत चर्चा होते का?

अनेकदा होत नाही. दरवर्षी मोजक्या मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते. बाकी मागण्या ठरलेल्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. २०२५-२६ साठी संरक्षणाची तरतूद ६,८१,२१० कोटी होती. त्यात भांडवली खर्च १,८०,००० कोटी आणि निवृत्तिवेतन १,६०,७९५ कोटी. परराष्ट्र मंत्रालयाला २०,५१६ कोटी, म्हणजे एकूण अर्थसंकल्पाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही.

खरी तपासणी स्थायी समितीत होते. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार यांच्या स्वतंत्र समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. बैठक बंद दाराआड असल्याने पक्षाचा आव थोडा कमी होतो. शिफारशी बंधनकारक नसतात, पण सरकारला त्यावर काय केलं ते कळवावं लागतं आणि तो कार्यवाही अहवालही छापला जातो. पत्रकारांनी बातमी कुठे शोधायची असं विचारलं तर आम्ही याच अहवालांकडे बोट दाखवू.

शस्त्रखरेदीचा क्रम ढोबळमानाने असा: दलाची मागणी, संरक्षण खरेदी परिषदेकडून गरजेची मान्यता, निविदा, तांत्रिक छाननी, मैदानी चाचणी, किमतीची वाटाघाट, शेवटी रकमेप्रमाणे मंत्री किंवा सुरक्षा समितीची मंजुरी. बिघडतं कुठे? गुणवत्तेच्या अटी इतक्या आदर्श लिहितात की जगात एकच कंपनी उरते, आणि एकच उरली की नियमाने अडतं. चाचण्या उन्हाळा-हिवाळा दोन्हीत लागतात, त्यात वर्षं जातात. घोटाळ्याच्या भीतीने फाइलवर सही होत नाही. बोफोर्स तोफांचा करार १९८६ चा, आणि त्यानंतर परदेशी तोफांचा मोठा करार थेट २०१६ मध्ये, १४५ हलक्या होवित्झरचा. आणि ३१ मार्चला न खर्चलेले पैसे परत जातात, हे वेगळंच.

खर्च झाल्यावर महालेखापरीक्षक आणि लोकलेखा समिती. १९६७ पासून लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे.

अग्निपथ योजना संसदेत मंजूर झाली होती का?

नाही. १४ जून २०२२ रोजी मंत्रिमंडळाने योजना मंजूर केली, तिच्यासाठी विधेयक आलं नाही. चार वर्षं सेवा, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये योजना वैध ठरवली.

अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाला नावच फौजेमुळे मिळालं आणि साताऱ्यातच १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा उघडली. तेव्हा इथे या योजनेवर बोलणं रास्तच आहे. पण मागणी कुणाकडे, हे पाहा. कायम ठेवण्याचं प्रमाण वाढवणं संरक्षण मंत्रालय आणि मंत्रिमंडळाच्या हातात. केंद्रीय पोलीस दलांतला माजी अग्निवीरांचा कोटा गृह मंत्रालयाचा. राज्य पोलिसांत जागा राज्य सरकारच्या. कोल्हापूरचं भरती कार्यालय यातलं काहीच ठरवत नाही, ते फक्त भरती घेतं. आणि २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान. नुसतं पहाटे पळून भागत नाही.

राज्य सरकार किंवा ग्रामसभेच्या ठरावाला काही किंमत?

कायदेशीर शून्य. राजकीय किंमत मात्र आघाडीच्या गणितावर. सप्टेंबर २०११ मध्ये ममता बॅनर्जी ढाक्याला गेल्या नाहीत आणि बांगलादेशाशी तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार तिथेच थांबला. मार्च २०१३ मध्ये श्रीलंकेच्या प्रश्नावर द्रमुकने केंद्राचा पाठिंबा काढला. ग्रामसभेच्या ठरावाने दिल्ली हलत नाही, पण तो खासदाराच्या पत्राला जोडता येतो.

खासदारामार्फत प्रश्न कसा विचारायचा?

आधी खासदार कोण ते नक्की करा. सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ हातकणंगले लोकसभेत आहेत. सातारा जिल्ह्यातले फलटण आणि माण माढ्यात. इथे चूक झाली की पत्र पुढे सरकतच नाही.

प्रश्नाची नोटीस किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. मंत्रालयांना वार ठरवून दिलेले असतात, त्यामुळे अधिवेशन जाहीर झाल्याबरोबर गाठा. एका दिवशी लोकसभेत वीस तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे प्रश्न लागतात, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो, पण नंबर लागणं चिठ्ठीवर. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि आकडे हवे असतील तर तोच बरा. मजकूर दीडशे शब्दांच्या आत.

‘सरकारला बेदाणा उत्पादकांची जाण आहे काय?’ असं विचारलं तर ‘होय’ एवढंच उत्तर येतं. असं लिहा: ‘(क) गेल्या तीन आर्थिक वर्षांत अफगाणिस्तानातून वर्षनिहाय किती टन बेदाणा आयात झाला, (ख) त्यापैकी किती साफ्टाच्या सवलतीत आला, (ग) किती प्रकरणांत उगमाची पडताळणी मागवली आणि निष्कर्ष काय निघाला?’ तीनही भागांना आकडाच द्यावा लागतो.

‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं आलं तर निराश होऊ नका. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. ‘राष्ट्रीय सुरक्षेच्या हितासाठी सांगता येत नाही’ असं आलं तर तो रस्ता बंद. मग खर्चाच्या बाजूने विचारा.

माहितीच्या अधिकारात काय मिळतं?

दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, मग तीस दिवसांत पहिलं अपील, पुढे नव्वद दिवसांत दुसरं. कलम ८ (१) (क) सुरक्षा आणि परराष्ट्र संबंधांची माहिती रोखतं. रॉ, आयबी या गुप्तचर संस्था कलम २४ मुळे बाहेर, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे आरोप सोडून. मात्र भरतीचे गुण, निवृत्तिवेतनाची गणना, भूसंपादनाची फाइल ही सुरक्षा नव्हे. ती मागा, मिळते.

गुप्तचर संस्थांवर देखरेख ठेवणारी संसदीय समिती भारतात नाही. २०११ मध्ये एक खासगी विधेयक आलं होतं, ते तिथेच राहिलं. आमच्या मते सगळ्या रचनेतली ही सर्वांत मोठी फट आहे.

न्यायालय धोरण बदलू शकतं?

सरकारने कुठल्या देशाशी काय बोलावं, यात न्यायालय सहसा पडत नाही. समानतेचा प्रश्न आला की पडतं. १७ फेब्रुवारी २०२० च्या बबिता पुनिया निकालाने लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा रस्ता मोकळा झाला.

मुलगा परदेशात अडकला तर पहिला फोन कुणाला?

त्या देशातल्या भारतीय दूतावासाला. त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा. खासदाराच्या पत्रात तो क्रमांक असला तर पाठपुरावा होतो, नसला तर पत्र फिरत राहतं. पासपोर्ट क्रमांक, राहण्याचा पत्ता, सोबतच्यांची नावं एकाच कागदावर. २०२२ मध्ये ऑपरेशन गंगात युक्रेनमधून सुमारे २२,५०० जण आणले गेले. शेजारच्या देशांत चार केंद्रीय मंत्री पाठवले होते. ज्यांची दूतावासात नोंद होती त्यांना शोधणं सोपं जातं, म्हणून परदेशी पोचल्यावर नोंदणी करायला मुलांना आधीच सांगून ठेवा.

संसदीय समितीला आम्ही मराठीत निवेदन पाठवू का?

समिती सूचना मागवते तेव्हा जाहिरात देते, मुदत साधारण पंधरा दिवस. निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत, दोन प्रतींत मागतात. मराठीतून पाठवलं तर वाचलं जाण्याची खात्री नाही. हिंदीत दोन पानं पुरतात. प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं असेल तर तसं निवेदनातच लिहावं लागतं, नंतर विचारून चालत नाही. निवेदन समितीच्या नोंदीचा भाग होतं, त्यामुळे ते आधी वर्तमानपत्राला देऊ नका.